पहिली रोटी गाईची

सेलूच्या बसस्टँडामागच्या वस्तीत वच्छलाबाईंचं घर शोधायला पत्ता लागत नसे. 'रोट्यावाली बाई' म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवायचं. आणि रोट्या म्हणजे तुमच्या-आमच्या तव्यावरच्या पोळ्या नव्हेत हो! लांब रोट्या. गव्हाचं पीठ इतकं सैल भिजवायचं की परातीतून उचललं तर ओघळलं पाहिजे. मग तो गोळा या हातावरून त्या हातावर झेलत, मनगटापासून कोपरापर्यंत लांबवत न्यायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद पांघरायचा. आपण करायला गेलो तर पीठ चुलीत आणि हात मडक्यावर, दुसरं काही होणार नाही.

वच्छलाबाईंची रोटी मडक्यावर पडली की तिच्यातून मडक्याचा काळा रंग दिसायचा, इतकी पातळ. बारसं असो, लग्न असो की तेरवी, सेलूचा माणूस जन्मला तरी त्यांची रोटी आणि मेला तरी त्यांचीच. "तीस वर्षांत माह्या हातून एक रोटी फाटली नाई," असं त्या चारचौघांत सांगायच्या. त्यांच्या तोंडावर 'चल, काहीतरीच' म्हणायची छाती अख्ख्या गावात एकाच बाईची होती. ती म्हणजे पलीकडच्या गल्लीतली आनंदाबाई. तीही रोट्यांच्याच धंद्यातली. "वच्छलाची रोटी पातळ आहे वो, पण पोट भरत नाई," हे तिचं वाक्य वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नात वच्छलाबाईंच्या कानावर गेलं, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींच्या दारावरून जाताना पदर आवळून जात.

तर अशा या वच्छलाबाई गेल्या वर्षी एका सकाळी गिरणीतून पिठाचा डबा घेऊन येत होत्या. पाण्याच्या कॅन वाटणारा एक टेम्पो मागे न पाहताच मागे आला. चालवणाऱ्याच्या कानाला फोन. बाई एकीकडे, डबा एकीकडे. लोक धावले, उचलून बसवलं, तेव्हा बाईंचे पहिले शब्द काय असावेत? "पीठ सांडलं का गं?"

पीठ सांडलं होतंच, उजवा हातही दोन ठिकाणी मोडला होता. कोपरात एक आणि मनगटात एक. वर्ध्याला नेऊन ऑपरेशन करून पट्टी बसवली, प्लास्टर झालं, दोन महिन्यांनी ते काढलं, आणि मग कळलं की मनगट वळत नाही. पाण्याचा पेला धरला तर हिंदकळतो, वेणी घालायला हात वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, "दुसरं ऑपरेशन केलं तर जेवण्या-विंचरण्यापुरता हात होईल. रोट्यांचं मात्र विसरा."

विसरतील त्या वच्छलाबाई कसल्या! त्यांनी गावात सांगून टाकलं, "हात आराम करून राह्यला. दिवाळीपर्यंत येते लायनीवर." दिवाळी झाली. मग म्हणाल्या संक्रांतीपर्यंत. ऑर्डर घेऊन आलेल्या माणसाला त्या तारीखच पुढची देत, कोर्टासारखी. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना, तसं चाललं होतं. पण झाकल्या मुठीवर घर चालत नाही. नवरा दहा वर्षांमागेच गेलेला, मुलगा पुण्याकडे कंत्राटी कामावर, आणि घरची चूल खरं तर या बाईच्या मडक्यावरच चालायची.

सून सपना मात्र हुशार पोरगी. गावातल्या सेतू केंद्रात दाखले-उतारे टाइप करायची, त्यामुळे कागदाला घाबरायची नाही. ती म्हणाली, "आत्याबाई, टेम्पोवाल्याच्या विमा कंपनीवर दावा लावू. तुमचं ऑपरेशन त्यातून होईन." आणि एका सोमवारी सासूला एस.टी.त बसवून तिनं वर्ध्याच्या कोर्टासमोरच्या गल्लीत, वकील प्रभाकररावांच्या ऑफिसात आणून बसवलं.

प्रभाकरराव वकिलीत तीस वर्षं मुरलेले. अपघाताचे दावे हीच त्यांची शेती. त्यांनी पोलिसांचे कागद पाहिले, अपंगत्वाचा दाखला पाहिला, एक्स-रे उजेडाकडे धरला, आणि समाधानानं मान हलवली. "मावशी, केस मजबूत आहे. फक्त कोर्टात उभं राहून एक वाक्य बोलायचं. मले आता रोट्या करता येत नाई. बोला पाहू."

वच्छलाबाईंनी घसा साफ केला. "मले आता रोट्या..."

"हां."

"...जरा कमी येते."

"कमी नाई, मावशी. येतच नाई."

"पहिल्यासारख्या येत नाई."

प्रभाकररावांनी पेन खाली ठेवलं. "हे पाहा, जरा म्हटलं तं जरासेच पैसे भेटते. डॉक्टरनं लिहून देल्लं, एक्स-रे बोलते, मंग तुम्ही काऊन अडून राह्यल्या?"

वच्छलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. हळूच विचारलं, "कोर्टात सेलूचं कोणी राहीन का हो ऐकाले?"

आता वकिलाच्या ध्यानात आलं की पाणी कुठं मुरतंय. बाईला हाताचं दुःख होतं, पण त्याहून मोठं दुःख होतं ते लोकांना कळण्याचं. "वच्छलेच्या हातून आता रोटी होत नाही" हे एकदा सरकारी दप्तरात लिहिलं गेलं की ते संध्याकाळच्या एस.टी.नं सेलूत पोचणार आणि आनंदाबाई पेढे वाटणार. त्यापेक्षा हात तसाच वाकडा राहिलेला बरा, असा हिशोब होता त्यांचा. ऑपरेशन पाहिजे होतं, त्यासाठी दावा पाहिजे होता, पण दाव्याला लागणारं ते एक वाक्य काही तोंडातून निघत नव्हतं.

"सेलूचा एक माणूस तं लागनच," प्रभाकरराव म्हणाले. "तुम्ही रोट्या करत होत्या, नामी करत होत्या, महिन्याचं इतकं कमवत होत्या, हे सांगाले साक्षीदार पाह्यजे. पावत्या आहेत का?"

"रोट्यांच्या पावत्या? बाप्पा!"

"मंग साक्षीदार. खाणारा नको. खाणाऱ्याले कंपनीचा वकील म्हणन, तुले काय समजते? याच धंद्यातलं कोणी आहे का तुमच्या गावात?"

सपनानं छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि शेवटी नाव घेतलं. वच्छलाबाई ताडकन उठल्या. "त्यापेक्षा मी दुसरा हात मोडून घेतो!"

पण सून ऐकते थोडीच. परत आल्यावर ती गुपचूप आनंदाबाईकडे जाऊन आली. आनंदाबाईनं सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि म्हणाली, "येतो ना. कोर्टात सारं सांगतो." 'सारं' म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नाही, आणि सपनानं ते घरी येऊन सांगितल्यापासून वच्छलाबाईंच्या जिवाला घोर लागला.

दावा दाखल झाला. प्रभाकररावांनी बजावून ठेवलं होतं, "मावशी, कोणी विचारलं तं सांगजा, हात गेला." वच्छलाबाईंनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

पुढे महिन्याभरानं, भर दुपारी, सपना कामावर गेलेली असताना दारात एक मोटरसायकल थांबली. इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण पोरगा उतरला. "मावशी, मी अंकुश. नागपूरचा. बहिणीचं लग्न आहे वैशाखात, तीनशे पान होईल. रोट्यांची ऑर्डर द्यायची होती."

"बस बाबू, बस. पाणी घे."

पोरगा पाणी प्यायला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाला, "पण गावात ऐकलं, की तुमच्या हाताला काही झालंय? आता जमत नाही म्हणे तुम्हाला?"

झालं! वच्छलाबाईंच्या डोक्यात एकच नाव आलं. "कोण म्हणते? आनंदी म्हणते ना? तिले नाचता येत नाई म्हणून माह्यं अंगण वाकडं! जमत नाई? बस तू इथंच. जेवल्याबिगर जाऊच नको."

तो पोरगा विमा कंपनीचा तपासनीस होता, हे तुम्ही ओळखलंच असेल. बाईंनी नाही ओळखलं. दारात पाव्हणा, तोही गिऱ्हाईक, त्यात आनंदाबाईनं कान भरलेला. अशा वेळी वकिलाचे शब्द कुणाला आठवतात? त्यांनी चूल पेटवली, मडकं पालथं घातलं, पीठ डाव्या हातानं मळलं, वांग्याची भाजी गरम केली आणि गोळा उचलला.

पहिली रोटी मनगटापर्यंत आली आणि टरकली. वच्छलाबाईंनी डोळ्याची पापणी हलू दिली नाही. "पहिली रोटी गाईची," त्या म्हणाल्या आणि ती टोपलीखाली सरकवली. दुसरी कोपरावर फाटली. "हे कुत्र्याची." तिसरी कावळ्याची झाली, चौथी मुंग्यांची. पाचवीला त्यांना जनावर सुचेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "एखादा गोसावी-भिकारी आला तं असावी." सहावी सरळ चुलीत पडली. ती अग्नीची. सातव्या गोळ्याला मात्र त्यांनी डाव्या हातानं उजवा हात खालून धरला, दात ओठ खाल्ले, आणि रोटी लांबली. कोपरापर्यंत लांबली! तोवर अंकुशनं मोबाइल वर धरला होता. "बहिणीला दाखवायला," तो म्हणाला. वच्छलाबाईंनी पदर सारखा केला आणि हसून बघितलं.

तेच हसू दोन महिन्यांनी वर्ध्याच्या कोर्टात लॅपटॉपवर दिसलं. कंपनीचा वकील मोठा गोड बोलणारा. "बाई, जरा नीट पाहून सांगा. ही कोण?"

वच्छलाबाई कठड्यावरून वाकल्या. व्हिडिओ चालू झाला. रोटी लांबत गेली तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. "मीच आहो ना! अन् रोटी पाहा साहेब, कशी लांबली!"

प्रभाकररावांनी कपाळाला हात लावला. कंपनीचा वकील गोड हसून खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचंच नव्हतं.

बाहेर टपरीवर चहा आला, पण प्रभाकररावांना तो गोड लागेना. "मावशी, खोटं बोलून केस हरणारे लय पाह्यले. स्वतःची तारीफ करून हरणाऱ्या तुम्ही पह्यल्या. पुढच्या तारखेले तो पोट्टा येऊन सांगन, बाईचा हात ठणठणीत आहे. मंग आपण घरी."

वच्छलाबाई बशीतल्या चहाकडे पाहत बसल्या. त्यांना आता खरंच भीती वाटत होती. ऑपरेशन गेलं, पैसे गेले, तारखांसाठी सुनेच्या बुडालेल्या रोजाचे पैसेही गेले, आणि हे सगळं आपल्या तोंडानं गेलं. पण तरीही फाटलेल्या रोट्यांचं सांगवेना.

सपनाच बोलली. "सर, एक सांगू? त्या दिवशी मी संध्याकाळी घरी आली तं आमच्या दारातल्या गाईनं वैरणीले तोंड लावलं नाई. पोट भरून बसली होती. मी विचारलं तं आत्याबाई म्हणे, रोट्या जास्तीच्या झाल्या."

प्रभाकररावांनी सपनाकडे पाहिलं, मग वच्छलाबाईंकडे. वच्छलाबाईंनी तोंड फिरवून रस्त्यावरची रिक्षा पाहायला सुरुवात केली. वकिलांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि दुसरा मागवला.

पुढच्या तारखेला आधी आनंदाबाईची साक्ष झाली. ती इरकली लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून आली होती. कठड्यात उभी राहून तिनं शपथ घेतली आणि एकदा वच्छलाबाईंकडे रोखून पाहिलं. वच्छलाबाईंनी मनातल्या मनात देवाचा धावा केला.

"वच्छलाबाई रोट्या कशा करायच्या?" प्रभाकररावांनी विचारलं.

"साहेब, शपथ देल्ली म्हणून सांगतो, नाईतं मेली तरी सांगतलं नसतं," आनंदाबाई म्हणाली. "वीस वर्षं मी साऱ्या गावाले सांगत आली, का हिच्या रोटीनं पोट भरत नाई. खोटं होतं ते. हिच्यासारखी रोटी आमच्या सेलूत कोणाच्याच हातून होत नाई. माह्या हातूनही नाई. माह्या पोराच्या लग्नात मी हिले बोलावलं नाई, काऊन का लोकं हिचीच रोटी मागतीन अन् माह्या तोंडाकडे पाहतीन."

एवढं बोलून ती ठसक्यात खाली उतरली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

मग अंकुश आला. कंपनीच्या वकिलानं त्याच्याकडून सगळं रीतसर वदवून घेतलं. बाई रोटी करताना पाहिली का, पाहिली. शूटिंग तुम्हीच केलं का, मीच केलं. मग प्रभाकरराव उठले, आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "जेवले का मंग तिथं?"

"हो, जेवलो."

"किती रोट्या खाल्ल्या?"

"एक."

"तीनशे पानाची ऑर्डर द्याले गेलेला जवान पोरगा, अन् एक रोटी?"

"एकच झाली होती," अंकुश म्हणाला.

"त्याच्या आधी नाई झाल्या?"

अंकुशनं कंपनीच्या वकिलाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "झाल्या. पहिली गाईची होती."

"दुसरी?"

"कुत्र्याची."

"तिसरी?"

"कावळ्याची. चौथी मुंग्यांची." आता कारकुनाचं पेन थांबलं होतं. "पाचवी भिकाऱ्याची."

जज्जसाहेब पुढे वाकले. त्यांच्या मिशा हलत होत्या. "आणि सहावी?"

"सहावी चुलीत पडली, साहेब. ती अग्नीची, म्हणाल्या."

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा तोंडावर टोपी धरून हसला. फक्त दोन माणसं हसली नाहीत, एक वच्छलाबाई आणि दुसरा अंकुश. तो म्हणाला, "साहेब, मी शूटिंग सातवीचं केलं. पहिल्या सहांचं कुणी मागितलंच नव्हतं. पण त्यांनी मला जेऊ घातलंय. सातवी ताटात वाढताना त्यांचा हात लटलट कापत होता. ते मी पाहिलं, म्हणून सांगतो."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला आणि वच्छलाबाईंना पुढं बोलावलं. "बाई, साक्षी झाल्या, शूटिंग झालं. आता तुम्ही सांगा. येतात का रोट्या?"

वच्छलाबाई उभ्या राहिल्या. मागच्या बाकावर आनंदाबाई होती, हे त्यांना पाठीनंही कळत होतं. बरोबर ते एकच वाक्य राहिलं होतं, आणि ते बोलायला याहून वाईट जागा साऱ्या वर्धा जिल्ह्यात सापडली नसती. त्यांनी उजवा हात डाव्या हातात धरला.

"नाई येत साहेब," त्या म्हणाल्या. "सातवी बी फाटलीच होती. फाटलेली बाजू आत घेऊन मी घडी घातली अन् या लेकराच्या ताटात वाढली. तीस वर्षांत पाव्हण्याले फाटकी रोटी कधी वाढली नव्हती. पैसे द्या का नका देऊ, तुमची मर्जी. पण तेवढं मले लय लागलं." आणि त्या भर कोर्टात लहान पोरीसारख्या रडल्या. हशा केव्हाच थांबला होता.

कोर्टाच्या पायऱ्यांवर सपना रिक्षा पाहायला गेली, तेव्हा आनंदाबाई शेजारी येऊन उभी राहिली. आनंदाबाईनंच आधी तोंड उघडलं. "वैशाखात लग्नं लय आहेत. मले एकटीले झेपत नाई. तू येजो."

"मी येऊन काय करू? हाताचं आताच सांगतलं ना."

"हात गेला. तोंड तं शाबूत आहे ना? मडक्यापाशी बसजो अन् सांगजो."

तेवढ्यात अंकुश पायऱ्या उतरून आला, आणि वच्छलाबाईंच्या पाया पडला. "मावशी, ऑर्डरचं काय मग?"

"कायची ऑर्डर रे, बदमाशा?"

"बहीण खोटी नव्हती, मावशी. लग्न खरंच आहे. फक्त रोट्या अजून ठरल्या नाहीत."

निकाल लागायला उन्हाळा उजाडला. मागितली तेवढी नाही, पण ऑपरेशन होऊन वर उरेल इतकी भरपाई मंजूर झाली. प्रभाकररावांनी फोनवर आकडा सांगितला, तर वच्छलाबाई म्हणाल्या, "ते सपनाले सांगा. आनंदीनं जे सांगतलं, ते त्या कागदात लिहिलं का पूर्ण?" लिहिलं होतं. ते पान सपनानं लॅमिनेट करून चुलीच्या वरच्या भिंतीला लावलं, आणि घरी आलेल्या प्रत्येकाला ते वाचून दाखवायचं काम बिचारीच्या गळ्यात पडलं.

आणि अंकुशच्या बहिणीच्या लग्नात, मांडवामागं, चार चुली पेटल्या. आनंदाबाई मडक्यापुढं बसली. शेजारी स्टुलावर वच्छलाबाई, हात गळ्यातल्या झोळीत, कारण ऑपरेशन नुकतंच झालेलं. आनंदाबाईनं पहिला गोळा उचलला. वीस वर्षांत प्रथमच ती वच्छलेच्या नजरेसमोर रोटी करत होती. रोटी मनगटावर टरकन फाटली. पीठ मळणाऱ्या बाया थांबल्या, लाकडं सारणारा थांबला. आनंदाबाईनं खालमानेनं वच्छलाबाईंकडे पाहिलं.

वच्छलाबाईंनी डाव्या हातानं टोपली पुढं सरकवली.

"टाक इच्यात," त्या म्हणाल्या. "पहिली रोटी गाईची."

आनंदाबाईच्या जिवात जीव आला. तिनं दुसरा गोळा उचलला.

"पण सांगून ठेवतो, आनंदे," वच्छलाबाई म्हणाल्या, "माह्या टोपलीत कुत्र्याले जागा नाई."